डूलॅली: इंग्रजांच्या तोंडचं वेड आणि आपली देवळाली

उत्तरवारा

मी इंग्लंडच्या उत्तर भागात एका वृद्धाश्रमात काम करते. इथल्या आजी-आजोबांच्या तोंडी 'डूलॅली' हा शब्द सारखा असतो. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, दोन पायांत दोन रंगांचे मोजे निघाले, की स्वतःच हसून म्हणतात, 'आय ॲम गोइंग डूलॅली.' म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, भ्रमिष्टासारखं चाललंय. कुणी खुळ्यासारखा वागला तरी तोच शब्द. जोर मधल्या 'लॅ'वर.

कोशात पाहिलं तर व्युत्पत्ती निघाली नाशिकजवळच्या देवळालीची! मूळचा प्रयोग 'डूलॅली टॅप', शिपायांच्या बोलीतला. पुढे 'टॅप' गळून पडला.

माझं माहेर सिन्नरचं, त्यामुळे हे वाचून राहवेना. इथले बरेच जण सांगतात की देवळालीला इंग्रजांचं वेड्यांचं इस्पितळ होतं, त्यावरून शब्द आला. पण आम्ही लहानपणापासून ऐकलं ते उलटंच: देवळालीची हवा चांगली, माणसं तिथे बरी व्हायला जातात. मग तिथे वेड कसं लागलं? इस्पितळाची गोष्ट खरी का? आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गोदाकाठ

ताई, तुम्ही सिन्नरच्या म्हणजे आमच्या शेजारच्याच.

देवळालीच्या हवेबद्दल ऐकलंत ते अगदी खरं आहे. आमच्या लहानपणी घरात कुणाचा खोकला लांबला की डॉक्टर सांगायचे, महिनाभर देवळालीला राहा. पारशी आणि गुजराती मंडळींनी तिथे आपापल्या समाजासाठी सॅनेटोरियम बांधली, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी बंगले बांधले. लॅम रोडने गेलात तर जुन्या बंगल्यांचे पुढे आलेले व्हरांडे, लाकडी जाळ्या आणि कंपाउंडमधली मोठाली झाडं अजून दिसतात. बरेच बंगले पडले, काहींच्या जागी इमारती आल्या. पण सकाळी सहाला त्या रस्त्याने चालून बघा, माणसाचं डोकं ठिकाणावर येईल, जाणार नाही!

वेड्यांच्या इस्पितळाचं म्हणाल तर आमच्या आजीच्या तोंडी दोनच गावं होती. 'तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे', नाहीतर 'येरवड्याला जागा आहे का बघा'. देवळालीचं नाव या अर्थाने नाशकात मी कधी ऐकलेलं नाही. हवा खायला, नाहीतर मिलिटरीत, या दोनच कारणांनी लोक देवळालीला जातात.

तिरपी_रेघ

टॅप = ताप. डूलॅली टॅप = डोक्याला ताप. झाली सिद्ध व्युत्पत्ती, धाग्याला कुलूप लावा. 😄

शब्दवेडी

थांबा, इतक्यात कुलूप नको. गावाच्या नावावरून सांगितलेल्या व्युत्पत्त्या मला नेहमी संशयास्पद वाटतात, कारण ऐकायला त्या फार गोड असतात. इंग्रजीतलंच उदाहरण घ्या. 'बार्मी' म्हणजे वेडसर. केंट परगण्यात मेडस्टनजवळ बार्मिंग हीथ इथे वेड्यांचं इस्पितळ होतं, तर लोक छातीठोकपणे सांगतात की बार्मिंगवरून बार्मी. पण ते इस्पितळ उघडलं १८३३ मध्ये आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. 'बार्म' म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस, यीस्ट. डोक्यात मेंदूऐवजी फेस भरलाय असा त्याचा अर्थ, आणि १६०० च्या आसपास तो या अर्थाने वापरात होता. गाव नंतर चिकटवलं गेलं.

देवळालीचंही तसंच झालं नसेल कशावरून? 'इस्पितळ होतं म्हणून' हा जो खुलासा उत्तरवाराताईंना मिळाला, त्याचा साचा हुबेहूब बार्मिंगसारखाच आहे. पुरावा असला तर वाचायला आवडेल.

पाटीलबुवा

ही देवळाली म्हणजे राहुरीजवळची देवळाली ना? आमचे पाहुणे आहेत तिथे.

गोदाकाठ

नाही हो पाटीलबुवा, ती देवळाली प्रवरा, नगर जिल्ह्यातली. ही नाशिकची देवळाली कॅम्प. शेजारी भगूर, म्हणजे सावरकरांचं जन्मगाव. भगूर आणि कॅम्प इतके लागून आहेत की नवख्या माणसाला हद्द कळत नाही.

बखरकार

शब्दवेडी यांची शंका रास्त आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

१८५७ नंतर कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं, आणि हिंदुस्थानात कायम साठ-सत्तर हजार गोरे शिपाई ठेवायचे असं धोरण ठरलं. एवढी माणसं दरसाल थोडीथोडी बदलत राहायची, म्हणजे नवी आणायची आणि मुदत भरलेली परत पाठवायची. ये-जा मुख्यतः मुंबई बंदरातून. पण मुंबई शहरात हजारो शिपाई ठेवायचे कुठे? गर्दी, दारूचे गुत्ते, कॉलरा. म्हणून घाटावर, रेल्वेच्या कडेला, मोकळ्या आणि कोरड्या हवेची जागा निवडली. १८६० च्या दशकात देवळालीला हा तळ उभा राहिला. थळ घाटातला म्हणजे आपल्या कसारा घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि मुंबईहून उतरलेला शिपाई थेट देवळालीच्या फलाटावर पोचू लागला. तिथे काही दिवस थांबायचं, मग रावळपिंडी, मेरठ, जिथे पलटण असेल तिथे रवाना. परत जाताना हाच प्रवास उलटा.

आता मुख्य मुद्दा. सैनिकांची जहाजं वर्षभर चालत नसत. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात उकाड्याने माणसं मरत आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. त्यामुळे शिपायांची वाहतूक साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने. ज्याची मुदत मार्चअखेर भरली आणि शेवटचं जहाज चुकलं, तो शरद ऋतू येईपर्यंत अडकला.

त्यात १८७० च्या कायद्याने भर घातली. भरती बारा वर्षांची, पण त्यातली सहाएक वर्षंच प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली मायदेशी राखीव दलात. म्हणजे मुदत भरलेल्यांची संख्या वाढली. हे सगळे आपापल्या पलटणी सोडून देवळालीला येऊन बसत.

पुराव्याचं म्हणाल तर फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्श खाणकामगार होता. रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात राहिला. १९३६ मध्ये त्याच्या आठवणी छापल्या गेल्या. त्यात तो लिहितो की त्याच्या आधीच्या काळात मुदत भरलेले शिपाई देवळालीला महिनोन् महिने बोटीची वाट बघत पडून राहत. पलटणीत असताना ज्यांच्या नावावर एक तक्रार नव्हती असे शिपाई इथे येऊन काहीतरी भानगड करत आणि घरी जाण्याआधी तुरुंगाची हवा खात. काहींना गुप्तरोग जडत आणि ते रुग्णालयात जात. विक्षिप्त वागणाऱ्याला शिपाई 'डूलॅली टॅप झालाय' म्हणत, त्याचं मूळ या तळावरच्या कंटाळ्यात असावं असं त्याचं मत. 'असावं' हे त्याचंच, मी घातलेलं नाही. अभिप्राय तिथे राहून गेलेल्या माणसाचा आहे, म्हणून मला मोलाचा वाटतो.

आणि इस्पितळाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी कारण एकच, रिकामपण.

शब्दवेडी

धन्यवाद बखरकार. पण रिचर्ड्स १९३६ चा. त्याच्या आधी छापील कुठे सापडतो का?

बखरकार

सापडतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर शिपाई-खलाशांच्या बोलीचा एक कोश लंडनमध्ये निघाला, १९२५ चा, फ्रेझर आणि गिबन्स यांचा. त्यात 'डूलॅली टॅप' आहे, अर्थ वेडा. महायुद्धात खंदकांत जे जुने हिंदुस्थानी अनुभवाचे शिपाई होते, त्यांच्या तोंडून नव्या पोरांनी हे शब्द उचलले. 'ब्लायटी' (विलायती), 'कुशी' (खुशी), 'डेको' (देखो), 'चिट' (चिठ्ठी) हे सगळे त्याच वाटेने सर्वतोमुखी झाले. डूलॅली त्यांच्याच पंगतीतला.

बार्मीशी फरक इथे आहे. बार्मीच्या बाबतीत शब्द आधी आणि गाव नंतर. इथे गाव आधी, तळ आधी, मग शिपायांचा शब्द, आणि शब्दात गावाचं नाव जवळजवळ जसंच्या तसं. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व' नाही, 'ओ' आहे: देओलाली. कॅन्टोन्मेंटच्या नावात ते अजून तसंच आहे, स्टेशनच्या पाटीवर मात्र 'देवलाली'. 'ळ' इंग्रजांना येत नाही आणि 'देओ' भराभर म्हटलं की 'ड्यू' होतं. लँकेशायरच्या पोराच्या तोंडी देओलालीचं डूलॅली व्हायला दोन पिढ्यासुद्धा लागल्या नसतील.

मोडीवाचक

'टॅप'बद्दल थोडं. तिरपी_रेघ यांचा ताप अर्थाने बरोबर आहे, पण तो शिपायांपर्यंत मराठीतून पोचला असेल असं मला वाटत नाही. गोरा शिपाई मराठी बोलत नव्हता. त्याची पलटण बहुतेक उत्तरेत, नोकर-चाकर, भिस्ती, धोबी यांच्याशी तो बोलायचा ती छावणीची मोडकीतोडकी हिंदुस्थानी. त्या हिंदुस्थानीत ज्वराला 'तप' म्हणत. हा फारसीतला तप, ऱ्हस्व. क्षयाला हिंदीत 'तपेदिक' म्हणतात तो मूळचा 'तप-ए-दिक़', त्यातलाच हा तप. संस्कृत ताप आणि फारसी तप ही एकाच घराण्यातली भावंडं, पण शिपायाच्या कानावर पडला तो धाकटा. उच्चारातही 'टॅप' हे 'तप'लाच जवळचं आहे, 'ताप'चं इंग्रजीत 'टाप' झालं असतं.

इंग्रजीत 'टॅप' म्हणजे टिचकी किंवा हलका ठोसा, आणि 'टॅप्ड' म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असाही एक प्रयोग आहे. त्यामुळे ज्याला हिंदुस्थानी तप माहीत नव्हता त्यालाही 'डूलॅली टॅप' ऐकून अर्थ लागत असणार: देवळालीने डोक्यात टिचकी मारली! शब्द टिकायला अशा दुहेरी आधाराचा फार उपयोग होतो.

जाता जाता, याच शिपायांचा अजून एक शब्द आहे, 'पगल्ड'. आपल्या पागलचं इंग्रजी भूतकाळवाचक रूप. अर्थ वेडा किंवा दारूने झिंगलेला. स्कॉटलंडमध्ये दमलेल्या माणसालाही म्हणतात.

तिरपी_रेघ

पागल + एड = पगल्ड. वा! म्हणजे आपण 'टेन्शनलेला' म्हणतो त्याचे हे पणजोबा.

तोफखाना

बखरकारांनी कागदोपत्री सगळं मांडलं आहे. मी तिथे राहिलेलो आहे म्हणून लिहितो. तोफखान्यात नोकरी केली, देवळालीच्या आर्टिलरी स्कूलमध्ये कोर्स केले. तोफखान्याच्या माणसाला देवळाली म्हणजे गुरुकुल. रेंजवर तोफा डागल्या की गावातल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. शाळेतली पोरं मास्तरांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघतात तशी आवाज संपायची वाट बघतात आणि पुढे बोलू लागतात.

पण मला लिहायचं आहे ते ट्रान्झिट कॅम्पबद्दल. देवळालीच्या नव्हे, उत्तरेतल्या एका. बर्फामुळे रस्ता बंद होता आणि आम्ही वर जायची वाट बघत अडकलो होतो. पलटणीत जवानाचा दिवस कसा असतो? पहाटे पीटी, मग परेड, हत्यार सफाई, संध्याकाळी खेळ, रात्री रोलकॉल. प्रत्येक तासाला कुणीतरी तुमचं नाव घेऊन हाक मारतं. ट्रान्झिट कॅम्पमध्ये तुमची कुणालाच गरज नसते. हत्यार जमा. आजूबाजूला दहा वेगवेगळ्या पलटणींचे लोक, ओळखीचा साहेब नाही, ओळखीचा उस्ताद नाही. फळ्यावर रोज सकाळी जाणाऱ्यांची यादी लागायची. यादीत आपलं नाव नाही असं बघितलं की पुढचे चोवीस तास करायला काही नाही. माझ्या बराकीत एक अतिशय शांत स्वभावाचा हवालदार होता. आठवड्याभरात तो जेवणाच्या रांगेत पुढे-मागे होण्यावरून अंगावर धावून जायला लागला. वर पोस्टवर पोचल्यावर तोच माणूस पुन्हा पहिल्यासारखा शांत.

आम्हाला घरून पत्र येत होतं, रेडिओ होता, आणि रस्ता आठवड्या-दोन आठवड्यांत उघडणार हे माहीत होतं. त्या गोऱ्या पोरांना एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बसवलं होतं. एप्रिल-मेचं देवळालीचं ऊन कौलाखाली किंवा तंबूत काढून बघा. हवा चांगली आहे हे बंगल्यात राहणाऱ्याचं मत आहे. त्यामुळे रिचर्ड्स म्हणतो त्यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. इस्पितळ शोधायची गरजच नाही.

अनामिका_कोल्हापूर

तोफखानाकाका, प्रतिसाद फार आवडला. यादी लागायचा फळा डोळ्यांसमोर आला.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

एक, 'तप' अक्षरशः घ्या. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला दाखवलं ते १८९७ मध्ये. त्याआधी मच्छरदाणी लावली ती डास चावू नये म्हणून, ताप येऊ नये म्हणून नव्हे. फाल्सिपारम जातीचा मलेरिया मेंदूपर्यंत गेला की रुग्ण बरळतो, माणसं ओळखत नाही, अंगावरचे कपडे काढतो. बघणाऱ्याला वाटावं वेड लागलं. अशा रुग्णांना बघून 'तप चढला' हे 'डोकं फिरलं' या अर्थाने वापरात येणं अगदी स्वाभाविक आहे.

दोन, बखरकारांनी गुप्तरोगाचा उल्लेख केला तो नुसता बदनामीचा विषय म्हणून सोडून देऊ नका. १८९० च्या दशकाच्या मध्यावर हिंदुस्थानातल्या दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला पाचशेच्या आसपास रुग्णालयातले दाखले गुप्तरोगांचे होते. उपदंश वर्षानुवर्षं अंगात राहिला की मेंदूवर जातो आणि खरंखुरं वेड लागतं. त्या काळच्या युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत. पेनिसिलीन यायला अजून अर्धं शतक होतं. त्यात दारू, ऊन आणि तोफखाना म्हणतात ते रिकामपण. कंटाळ्याने बिघडणारे बरेच असतील, पण सगळेच नुसते कंटाळलेले नव्हते, काही खरोखर आजारी होते.

बखरकार

नाडीपरीक्षा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून. लष्करातल्या मनोरुग्णांसाठी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ नेटली इथे रुग्णालय होतं. तिथला 'डी ब्लॉक' १८७० मध्ये खास त्यांच्यासाठी बांधला. हिंदुस्थानात ज्यांचं डोकं फिरलं त्यांची रवानगी तिकडे. आता ही माणसंही बोटीनेच जाणार आणि बोटीचा हंगाम त्यांनाही तोच. म्हणजे आजारी शिपायांनाही मुंबईच्या आसपास थांबावं लागत असणार, आणि देवळालीला लष्करी रुग्णालय होतंच. इस्पितळाची दंतकथा या धाग्यावरून निघाली असावी असा माझा तर्क. ठाणे-येरवड्यासारखं वेड्यांचं इस्पितळ वेगळं, आणि तळावरचं रुग्णालय वेगळं. दीडशे वर्षांत सांगणाऱ्यांनी दोन्हींची सरमिसळ केली.

मुळामुठा

पुणेकरांनी अजून हजेरी लावली नाही म्हणजे काय! पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीचं नाव 'डूलॅली'च आहे, आणि त्यांच्या बैठकीच्या जागांना 'टॅपरूम' म्हणतात. बिअरच्या तोटीलाही टॅपच म्हणतात, त्यामुळे 'डूलॅली टॅप' ही जोडी तिथे बरोबर जमून आली आहे. मी तिथे बसून वेटरला देवळालीची कथा सांगितली तर तो म्हणाला, 'सर, मी भगूरचाच आहे.'

गोदाकाठ

मुळामुठा, त्या भगूरच्या मुलाला आमचा नमस्कार सांगा. 🙏

कृष्णाकाठची

सगळे रंगून लिहीत आहेत, पण एक खटकतं ते सांगते. माझ्या घरात एका जवळच्या माणसाला स्किझोफ्रेनिया आहे. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याची गाडी आली' हे ऐकताना आमच्या पोटात काय होतं ते आम्हालाच माहीत. ठाण्याचं रुग्णालय १९०१ पासून आहे. एवढ्या वर्षांत किती माणसं तिथून बरी होऊन घरी गेली असतील, पण भाषेत त्या गावाचं नाव शिवीसारखंच राहिलं. कोकणात तेच रत्नागिरीचं. इंग्रजांनी देवळालीचं केलं ते आपणही आपल्याच गावांचं करतो आहोत. व्युत्पत्ती जरूर शोधा, मलाही वाचायला आवडतंय. फक्त त्या तळावरची माणसं विसाव्या-बाविसाव्या वर्षी घरापासून हजारो मैलांवर अडकलेली होती, एवढं ध्यानात असू द्या.

तोफखाना

कृष्णाकाठची ताई, पूर्ण सहमत. आमच्याकडेही पूर्वी एखादा जवान गप्प राहू लागला की 'सटकलाय' म्हणून सोडून देत. आता कंपनी कमांडर स्वतः लक्ष घालतो, सुट्टीवर पाठवतो, डॉक्टरला दाखवतो. रिकामा जवान ही सर्वांत मोठी काळजी, हे फौजेला फार उशिरा कळलं.

शब्दवेडी

मूळ प्रश्नाकडे येते. १९२५ ची छापील नोंद, १९३६ ची शिपायाची साक्ष, बोटींचा हंगाम आणि मोडीवाचकांचा 'तप-ए-दिक़', एवढं सगळं एका दिशेला जात असल्यावर देवळालीबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. बार्मिंगच्या गोष्टीत यातलं एकही नव्हतं. गावावरून आलेला खरा शब्द इंग्रजीत याआधी 'बेडलम' होता, लंडनच्या बेथलेम रुग्णालयावरून आलेला, अर्थ गोंधळ. तिथे मात्र इस्पितळ खरंच होतं.

मराठीत गावावरून आलेले असे शब्द कोणते? मला पटकन 'पानिपत' आठवतं. 'परीक्षेत पानिपत झालं' म्हणताना १७६१ कुणाच्या डोक्यात नसतं. 'अटकेपार' हेही तसंच, अटक नकाशावर कुठे आहे हे न विचारता आपण झेंडे लावत असतो.

पाटीलबुवा

आणि 'लष्कराच्या भाकऱ्या' विसरू नका. गावाचं नाव नाही त्यात, पण छावणीचं आहे.

उत्तरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं.

कृष्णाकाठची, तुमचा मुद्दा पोचला. इथे मात्र शब्दाची धार आता पुष्कळ बोथट झाली आहे. खरोखरच्या मनोरुग्णाला कुणी डूलॅली म्हणताना मी ऐकलेलं नाही. म्हातारी माणसं स्वतःच्या विसरभोळेपणाला म्हणतात, किंवा नातवाने काही येडपटपणा केला की त्याला. आपल्याकडच्या 'म्हातारचळ'च्या जवळ जातो, पण त्यात म्हातारचळाचा तिखटपणा नाही.

एक विचारायचं राहिलं. इंग्रज तर १९४७ ला गेले. मग शब्द इतकी वर्षं इकडे जिवंत कसा राहिला? पलटणीतून घरोघरी कसा पोचला?

बखरकार

दुसऱ्या महायुद्धामुळे. तोवर हिंदुस्थान पाहिलेले गोरे शिपाई म्हणजे मुख्यतः व्यावसायिक फौज होती. १९४२ नंतर ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी सक्तीच्या भरतीची पोरं आली: कारकून, गवंडी, शाळामास्तर. त्यातली कितीतरी देवळालीच्या तळावरून गेली. आणि गंमत बघा, १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर या सगळ्यांची पुन्हा तीच अवस्था झाली. युद्ध संपलं, काम संपलं, बोटी अपुऱ्या, आणि घरी जायची वाट बघत बसायचं. १९४६ च्या सुरुवातीला तर रॉयल एअर फोर्सच्या गोऱ्या जवानांनी हिंदुस्थानातल्या तळांवर चक्क संप केला, मागणी एकच, आम्हाला लवकर घरी पाठवा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा शिपायांचा शब्द त्यांना नवा वाटलाच नसेल.

ही माणसं घरी परतली ती शब्द घेऊन. या पिढीची मुलं म्हणजे तुमच्या आश्रमातले आजी-आजोबा. पुढे १९७४ पासून बीबीसीवर एक विनोदी मालिका बरीच वर्षं चालली, तिची सुरुवातीची कथा देवळालीच्याच तळावर घडते. त्यामुळे ज्यांच्या घरात कुणी फौजेत नव्हतं त्यांनाही गावाचं नाव ठाऊक झालं.

गोदाकाठ

उत्तरवाराताई, पुढच्या वेळी माहेरी याल तेव्हा देवळालीला चक्कर मारा. फार थोड्या गाड्या देवळालीला थांबतात, त्यापेक्षा नाशिक रोडला उतरून रिक्षा करा. येताना कसाऱ्याला गाडी थांबली की मागच्या बाजूला बघा, घाट चढायला बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लावतात. ३७ फुटांना एक फूट असा तिथला चढ आहे. शिपायांच्या गाड्या याच चढाने वर आल्या. जुन्या बराकींचा भाग लष्कराच्या हद्दीत आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि फोटो तर अजिबात काढू नका. लॅम रोड आणि बाजार मात्र मोकळा आहे. तोफखानाकाकांची ओळख असली तर त्यांनीच सोबत यावं.

तोफखाना

येतो की. डिसेंबरात या, मे महिन्यात नको.